कुणाल कोणावर गेला

कुणाल कोणावर गेला, यावर रविवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत तऱ्यांच्या घरात एकमत झालं नव्हतं.

रामनाथच्या मते तो कमळच्या माहेरावर गेला. कमळ ही कुणालची आई, रामनाथच्या धाकट्या भावाची, हसुरामची बायको. हसुरामला जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तिच्या माहेरी एका आजोबांनी बांधावरच्या आंब्यापायी शेजाऱ्याशी चौदा वर्षं अबोला धरला होता, तेव्हा हट्टीपणा आला तो तिकडून. आनंदीबाईंना हे पटत नव्हतं. त्या रामनाथच्या थोरल्या बहीण, कशेळीला दिलेल्या, आणि घरावर काही आलं की बोलावण्याची वाट न पाहता पिशवी भरून हजर होणाऱ्या. त्यांचं म्हणणं, आंब्यापायी अबोला धरणारा माणूस बॉम्ब ठेवत नाही. कुणालला लहानपणापासून हुकूम सोडायची हौस होती, आणि ती खोड या घरात एकाच माणसाला आहे, जो आत्ता आरामखुर्चीत बसून सगळ्यांना बसायच्या जागा नेमून देतोय.

सत्तरीच्या रामनाथनं चौऱ्याहत्तर वर्षांच्या बहिणीचं ऐकून घेतलं. खुर्च्यांची मांडणी मात्र एकदा बदलून घेतली.

कुणालच्या आईचं मत कोणी विचारलं नव्हतं. ती आत बोंबील साफ करत होती.

अकरा दिवसांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, मजुरांच्या खानावळीत, ऐन जेवणाच्या वेळी स्फोट झाला होता. नऊ माणसं गेली, सगळी पोटासाठी दुरून आलेली. तिसऱ्या दिवशी ‘राखणदार’ नावाच्या संघटनेनं ते आपलंच काम असल्याचं कळवलं आणि चौथ्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तिच्या फरार म्होरक्याचा फोटो आला. फोटो हितेशच्या, म्हणजे रामनाथच्या मुलाच्या लग्नातला होता. कुणालच्या डोक्याला फेटा आणि खांद्यावर हिरव्या बांगड्यांचा एक हात. हाताची मालकीण वाहिनीवाल्यांनी कापून टाकली होती. गावात, खारबावला, लोकांनी चेहऱ्याआधी बांगड्या ओळखल्या. “माणसं मारली त्यानं आन् टीव्हीवर हात माझा,” आनंदीबाई येईल त्याला सांगत होत्या. त्यात लाज किती आणि तक्रार किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

कुणाल घर सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. आधी गावात व्यायामशाळा, मग पोरांचं मंडळ, मग भाषणं. बाहेरून आलेल्यांनी आपली जमीन गिळली, आपली कामं गिळली, त्यांना हाकलल्याशिवाय या मातीला सुख नाही, असं तो बोलायचा. पहिल्या भाषणाचा मांडव गोरखपूरच्या माणसानं घातला होता आणि लाउडस्पीकर निजामपुऱ्यातल्या लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या, एका परप्रांतीय कामगाराच्या भावाचा होता. दोघंही शेवटपर्यंत बसून राहिले, कारण सामान परत न्यायचं होतं. घरचे तेव्हा हसले होते. रामनाथची चार गोदामं होती आणि त्यांतला प्रत्येक हमाल, ड्रायव्हर, वॉचमन दुरून आलेला. पुतण्या हाकलतो आणि काका ठेवून घेतो, असं गाव म्हणायचं. रामनाथही ते पाहुण्यांना हसून सांगायचा. अकरा दिवसांत त्यानं ते एकदाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी फोन आला की तपास पथकातल्या एक अधिकारी बाई रविवारी येतील. झडती आणि चौकशी दोनदा होऊन गेली होती. या बाईंना फक्त कुणालची पार्श्वभूमी समजून घ्यायची होती.

पार्श्वभूमी म्हणजे काय, असं आनंदीबाईंनी विचारलं. म्हणजे खानदान, रामनाथ म्हणाला, आणि एकदा तसं म्हटल्यावर तयारीही तशीच झाली. चादरी बदलल्या, कोपऱ्यातला पंखा पुसला, तांदळाची भाकरी आणि बोंबील ठरले. रामनाथनं सगळ्यांना समोर बसवून तीन वाक्यं पाठ करून घेतली: पोरगा अभ्यासात बरा होता. आठ वर्षं त्याचा आमचा संबंध नाही. बापाच्या अपघातानं त्याच्या मनावर परिणाम झाला.

“अपघाताचा पेपरात आलाय तेवराच,” तो म्हणाला. “वर एक शब्द न्हाय.”

हे बोलताना तो हितेशकडे बघत होता. हितेश चाळीस वर्षांचा, गोदामांचा कारभार बघणारा, आधीच कमी बोलणारा. फोटो टीव्हीवर आला त्याच दिवशी त्यानं बायको-मुलांना तिच्या माहेरी पोचवलं होतं. त्यानं मान हलवली. शेजारी बसलेल्या दिपालीनंही हलवली. दिपाली कुणालची धाकटी बहीण. बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता भिवंडीतल्या एका शाळेत शिकवायची आणि सगळं शांत होईपर्यंत येऊ नका, असं शाळेनं तिला गोड शब्दांत सांगितलं होतं. तिसरं वाक्य पाठ करायची तिला गरज नव्हती. तिचा त्यावर विश्वासच होता.

बाई साडेअकराला आल्या. गाडीला जागा करून द्यायला हितेश अंगणात गेला. आपली गाडी मागे घेण्याआधी त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकांखाली पाहिलं, पुन्हा एक फेरी मारली आणि मग बसला. दारात उभ्या असलेल्या दिपालीनं पाहुणीला सांगितलं की आमच्या दादाची ही प्रदक्षिणा गावात प्रसिद्ध आहे. त्याच्या लग्नातसुद्धा नवरीला गाडीत बसवून त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि भटजींनी विचारलं की उरलेल्या पाच कोण मारणार. पाहुणी हसली. मग ती जरा वेळ हितेशच्या गाडीकडे बघत राहिली.

तिचं नाव मृणाली सावे. साधा कुर्ता, केसांना रबर, हातात शाळकरी वही. तिनं वही उघडण्याआधी आनंदीबाईंनी तिची पार्श्वभूमी समजून घ्यायला सुरुवात केली. गाव कुठलं, तर आगाशीकडचं. मग केळीच्या बागा असतील. होत्या, आता नाहीत. आईचं माहेर? लग्न? नवरा काय करतो? बँकेत, आणि स्वयंपाक पण करतो, मृणालीनं सांगितलं. हे शेवटचं आनंदीबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. वीस मिनिटं गेली. रामनाथला वाटलं, आजचा दिवस आपला आहे.

मृणालीनं विचारायला सुरुवात केली तेव्हा तिचे प्रश्न रामनाथच्या तिन्ही वाक्यांच्या बाजूनं निघून जायला लागले. कुणाल लहानपणी कशाला घाबरायचा? आजारी पडला की कोणाजवळ झोपायचा? खेळात हरला की काय करायचा?

कॅरममध्ये हरला की स्ट्रायकर लपवायचा, रामनाथ म्हणून गेला. एकदा सहा महिने लपवला होता आणि घरानं बाटलीचं झाकण घेऊन कॅरम खेळला होता. तो स्ट्रायकर पिठाच्या डब्यात सापडला, कमळ आतून म्हणाली, आणि पदराला हात पुसत बाहेर येऊन बसली. आनंदीबाईंनी लगेच बाजू बदलून सांगितलं की पोरगं तसं मायेचं होतं, लंगड्या कुत्र्याला आपल्या ताटातलं द्यायचं. तुझ्या ताटातलं द्यायचा, रामनाथनं दुरुस्ती केली, स्वतःच्या ताटातला बोंबील त्यानं देवालाही दिला नसता. मग पालीला घाबरायचा ते निघालं. दहावीच्या परीक्षेत भिंतीवर पाल होती म्हणून त्यानं भूमितीचा पेपर दाराकडे तोंड करून लिहिला होता. हितेशसुद्धा हसला.

दिपालीच्या लक्षात आलं की सगळे हसताहेत, आणि आपणही. तिच्या डोळ्यांसमोर त्या खानावळीतली नऊ ताटं आली. हा माणूस पालीला भ्यायचा हे खरं होतं, आणि त्यानं नऊ माणसं मारली हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी एकाच भावाबद्दलच्या होत्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवायला तिच्या मनात जागा सापडत नव्हती.

मृणालीही हसत होती, आणि वाट बघत होती. गेल्या पाच वर्षांत ती अशा बऱ्याच घरांत बसली होती. माणसं आधी पाठ केलेलं सांगतात, मग आठवणी निघतात, हसू येतं, सगळे सैल होतात. त्यानंतरच घरात बंद ठेवलेलं काय आहे ते विचारता येतं. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि एक चित्रफीत लावली.

कुणाल होता. दाढी वाढलेली, आवाज खाली आणलेला. तो सांगत होता की मी अकरा वर्षांचा होतो. आमच्याच गोदामाच्या अंगणात एका परक्या ड्रायव्हरनं माझ्या बापाला ट्रकखाली चिरडलं आणि उतरून पळून गेला. माझा बाप म्हणजे ही जमीन. तो ट्रक अजून मागे येतोय. आपण बाजूला व्हायचं की त्याला अडवायचं?

फीत संपली तेव्हा लांबून मालगाडी जात होती.

“इथूनच सुरू झालं सगळं,” दिपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मृणाली म्हणाली की आतापर्यंत त्यांनी संघटनेतली चौदा पोरं पकडली. प्रत्येकाला विचारलं, का आलास? चौदाही जणांनी ही फीत सांगितली. पोरं रडतात ती बघून. म्हणून तिनं जुनी फाइल काढली. ड्रायव्हर पळून गेला नव्हता. त्याचं नाव रामसुरत. त्याला तीन वर्षं शिक्षा झाली होती. आणि त्यानं न्यायालयात सांगितलं होतं की गाडी मागे घेतली तेव्हा मी झाडाखाली डबा खात होतो, मालकाचा मुलगा गाडी चालवत होता. ते कोणी मानलं नाही.

“रामसुरत अजून आहे. निजामपुऱ्यात एका लूमवर वॉचमन आहे,” ती म्हणाली. “इकडे यायच्या आधी मी त्याला भेटले. तो म्हणाला, जाइए, पूछिए. पहले खाना खिलाएँगे, फिर ना बोलेंगे.”

आनंदीबाईंच्या हातातली भाकऱ्यांची टोपली तशीच राहिली.

रामनाथनं सावकाश सांगितलं की ड्रायव्हर लोक असंच बोलतात, एकवीस वर्षं झाली, कोर्टाचा निकाल आहे. त्याचा आवाज जागेवर होता.

हितेश तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. लायसन्स नव्हतं, पण अंगणात कोण बघतंय, आणि ट्रक मागे घेता येतो हे दाखवायची हौस होती. काका मागे उभे राहून हात करत होते, आरशात दिसत होते. मग दिसेनासे झाले. त्याला वाटलं बाजूला झाले असतील. या एका वाटण्याभोवती तो एकवीस वर्षं फेऱ्या मारत होता.

“मी होतो,” तो म्हणाला.

रामनाथ उठून उभा राहिला आणि मुलाला आत जायला सांगितलं. हितेश उठला नाही.

“भाऊजी, बोलू दे त्याला,” कमळ म्हणाली. रामनाथपुढे तिनं असा आवाज कधी काढला नव्हता. “आन् तो न्हाय बोलला तर मी बोलतंय.”

मग तीच बोलली. हसुरामच्या तेराव्याला रामनाथ तिच्यापुढे येऊन बसला होता. हात जोडले होते त्यानं, मोठ्या दिरानं. म्हणाला होता, भाऊ तर गेला, आता पोरगा पण जाईल. ड्रायव्हरचं इथं कोणी नाही, त्याला कोणी विचारायला येणार नाही. तुझ्या पोरांना मी माझ्या पोरासारखं करीन. आनंदीबाई शेजारी बसून होत्या. कमळनं मान हलवली होती. शब्द नव्हती बोलली ती, पण मान हलवली होती. आणि रामनाथनं दिलेला शब्द पाळला. दोघांचं शिक्षण, कपडालत्ता, कशात कमी केलं नाही. मग कुणाल रोज विचारायचा, बाबाला कोणी मारलं? तीच सांगायची. त्या बाहेरच्या ड्रायव्हरनं. जेवू घालताना सांगायची, न्हाऊ घालताना सांगायची. पोरानं काही चोरून ऐकलेलं नव्हतं. आईनं भरवलेलं होतं.

दिपाली आईच्या शेजारून उठली आणि पलीकडे, मृणालीच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं आनंदीबाईंनी टोपली खाली ठेवली आणि त्या कमळच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, मी पण होते तिथं, माझा पण जबाब लिही. रामनाथ एकटा आरामखुर्चीजवळ उभा राहिला. सकाळपासून त्यानं नेमून दिलेल्या जागांवर आता हितेशशिवाय कोणी नव्हतं.

मृणालीनं कोणाला दोष दिला नाही. हितेशचा जबाब घ्यावा लागेल आणि पुढे कायदा काय म्हणेल ते माझ्या हातात नाही, एवढं तिनं सरळ सांगितलं. मग आवाज खाली करून म्हणाली की दुसरा स्फोट ठरलेला आहे, येत्या शुक्रवारी. जागा कुठली ते कळलेलं नाही. पण ज्या पोरांच्या जोरावर तो ते करणार, ती पोरं या गोष्टीवर उभी आहेत. ती गोष्ट खोटी आहे हे त्यांनी घरच्यांच्या तोंडून ऐकलं, तर काही जण मागे फिरतील.

हितेशनं विचारलं, कॅमेरा आहे का तुमच्याकडे?

सोमवारी सकाळी ते सगळ्या वाहिन्यांवर दिसलं. हितेश आधी, मग कमळ. कमळनं नऊ घरांची माफी मागितली, रामसुरतची नाव घेऊन मागितली. दुपारपर्यंत दोन पोरं आपणहून पोलिसांकडे आली. संध्याकाळी रामनाथच्या दारावर कोणी तरी काळं फासून गेलं. ते काळं फासणारे कुणालच्या बाजूचे की विरुद्ध बाजूचे, यावर आनंदीबाई आणि रामनाथ यांच्यात थोडा वाद झाला. दोन दिवसांत ती दोघं पहिल्यांदा बोलली म्हणून कोणी त्यांना थांबवलं नाही.

घर सोडून कोणी गेलं नव्हतं. दिपाली आईशी बोलत नव्हती, पण तिच्या गोळ्यांची वेळ झाली की ग्लास आणून ठेवत होती. मृणाली मधल्या खोलीत दोन माणसं आणि काही यंत्रं घेऊन बसली होती. कुणाल फोन करेल असं तिला वाटत होतं. रामनाथला वाटत नव्हतं.

मंगळवारी दुपारी पावणेदोनला दिपालीचा मोबाइल वाजला. तो नंबर ती आठ वर्षांपूर्वीपासून वापरत होती. मृणालीनं घाईघाईत सांगितलं की हा फोन दहा ठिकाणांहून फिरून येतो, माग काढायला वेळ लागतो. जितकं बोलता येईल तितकं बोलत ठेव. दिपालीनं फोन घेतला.

“कोणी शिकवलं त्यांना हे बोलायला?” कुणाल म्हणाला. आठ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

कोणी नाही, दिपाली म्हणाली, ते खरं आहे. आपल्याला आजवर खोटं सांगत होते, तुला आणि मला. तिला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा रडेल. पलीकडून हसल्यासारखा आवाज आला.

“तुला, दिपू. मला नाही. मी गोदामाच्या मागे होतो, हितेशदादा ट्रकमधून खाली उतरला तेव्हा. मी पाहिलं ना त्याला.”

खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. हितेशनं भिंतीला हात लावला.

दिपालीनं विचारलं, मग का? त्यावर तो शांतपणे म्हणाला की खरं सांगितलं असतं तर कोण जमलं असतं? घरातला अपघात. चार माणसं हळहळली असती. हे त्यानं अशा सुरात सांगितलं, जशी एखादी साधी गोष्ट धाकट्या बहिणीला समजावून द्यावी.

दोन दिवस या घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात म्हणत होता की कुणालला आम्ही केलं. त्यात दुःख होतं, पण कसला तरी आधारही होता. निदान कारण हातात होतं. तो आधार गेला. रामनाथ खाली बसला, थेट फरशीवर. कमळनं पुढे होऊन दिपालीच्या हातातला फोन आपल्या हातात घेतला.

“आवाज बसलाय तुझा,” ती म्हणाली. “दही खातोस का अजून, जेवल्यावर?”

मृणालीच्या माणसानं मान वर केली.

“आये,” कुणाल म्हणाला.

कमळ बोलत राहिली. दाढी तुला शोभत नाही, हनुवटी तुझ्या बापासारखी आहे ती कशाला झाकतोस. कपडे कोण धुतं? स्वतः धुतोस? मग पांढरा सदरा घालून टीव्हीवर कशाला येतोस, कॉलर बघ जरा, मला इथून दिसते. तो आधी नुसतं हो-नाही म्हणत होता. मग म्हणाला की इथं पाणी खारं आहे, कपडे निघत नाहीत. ती म्हणाली, मग भातात पण उतरत असेल खारेपणा. उतरतो, तो म्हणाला. आणि बोंबील? बोंबील मिळत नाहीत इथं, आये.

खारं पाणी कागदावर लिहून मृणालीनं तो कागद आपल्या माणसाकडे सरकवला. नवव्या मिनिटाला तिनं कमळकडे पाहून मान हलवली. जागा कळली होती. आता फोन ठेवला तरी चालेल, अशी तिनं खूण केली. गाड्या निघाल्या होत्या, अर्धा तास लागणार होता.

कमळनं ती खूण पाहिली. फोन ठेवला नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि त्याला पाल आहे का खोलीत, असं विचारलं.

तो खरंच हसला. एक आहे, म्हणाला, ट्यूबलाइटच्या मागे. मग ती त्याला सांगत राहिली; विहिरीला पाणी किती आहे, हितेशच्या थोरल्याला चष्मा कसा लागला, आनंदीआत्याला ऐकू कमी येतं पण आपल्याविषयी बोललेलं बरोबर ऐकू येतं. आनंदीबाई समोरच होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला होता. तो मध्ये मध्ये विचारत होता. एकदा म्हणाला, आये, आता ठेवतो. ती म्हणाली, थांब की, आठ वर्षांनी फोन केलास, तुला कसली एवढी घाई. तो थांबला. दिपालीनं तिचा मोकळा हात धरला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“मीच सांगायचे तुला,” कमळ म्हणाली. “तू मुकाट ऐकायचास. तेव्हाच का न्हाय बोललास, आये, खोटं नको बोलू?”

“तू रडायचीस ना सांगताना,” तो म्हणाला.

मग त्याचा आवाज बदलला. बाहेर कोणी तरी आहे, असं म्हणाला. कसली तरी वस्तू सरकवल्याचा आवाज आला.

“कुणाल,” ती म्हणाली, “हातात काय घेतलंस ते खाली ठेव. ऐक माझं. हात वर कर आन् दार उघड.”

“आये, तुला माहीत होतं, हे येणार ते?”

“व्हय,” ती म्हणाली. “दार उघड, बाळा.”

पावलं वाजली, कडी वाजली, खूप माणसं एकदम बोलायला लागली. फोन कुठं तरी पडला होता, पण सुरू होता. कमळ तो कानाला घट्ट लावून बसली. मृणाली तिच्या समोर गुडघ्यांवर बसली होती आणि रामनाथ फरशीवरून तिच्या तोंडाकडे बघत होता. चार मिनिटांनी कोणी तरी फोन उचलला. तरणा आवाज होता, धापा टाकत होता. कोण बोलतंय, असं त्यानं विचारलं.

“मी त्याची आई,” कमळ म्हणाली. “लागला तर न्हाय ना कोणाला?”

“नाही, मावशी,” तो पोलीस म्हणाला. “कोणालाच नाही.”